सोपारा : पाणी सरलं, बंदर सरकलं

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘बंदरं’ हा विषय ठरवला आणि माझ्या वाट्याला भूमध्य समुद्र आला. अलेक्झांड्रियावर लिहा, असा निरोप होता. दीपगृह, ग्रंथालय, क्लिओपात्रा. साहित्याला तोटा नाही. पण वाचायला बसले आणि एका प्रश्नापाशी अडले. अलेक्झांड्रियाच्या वखारीत सुती कापड, हस्तिदंत, अकीक, लेंडी पिंपळी येऊन पडत होती, ती निघत कुठून होती? त्या वाटेचं एक टोक इजिप्तमध्ये होतं आणि दुसऱ्या बाजूच्या टोकांपैकी एक आज विरार लोकलच्या मार्गावर आहे. मग विमानाच्या तिकिटाचा विचार सोडला आणि अंधेरीहून उत्तरेकडची गाडी पकडली.

नालासोपारा मुंबईकराला माहीत आहे ते डब्यात शिरायला न मिळणाऱ्या गर्दीमुळे. दोन हजार वर्षांपूर्वी हे नाव ग्रीक खलाशांना तोंडपाठ होतं. पहिल्या शतकात कोणा अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवाटांच्या मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेची बंदरं ओळीने येतात : सुप्पारा, मग कल्लियेना, पुढे सेमिल्ला. म्हणजे सोपारा, कल्याण आणि चौल. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीनेही सोपाऱ्याची नोंद केली. त्या काळी आजच्या फोर्ट-कुलाब्याच्या बेटांना जगाच्या व्यापारात काही स्थान नव्हतं.

बुरुड राजाचा कोट

स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की आधी रिक्षांची रांग, मोबाइलची दुकानं आणि वडापावच्या गाड्या. शेअर रिक्षा जुन्या सोपारा गावाच्या दिशेने निघाली की इमारतींची उंची कमी होत जाते, मधेच एखादा तलाव लागतो, केळीची बाग दिसते. चक्रेश्वर तलावाकाठच्या देवळात ब्रह्मदेवाची उभी मूर्ती आहे. ब्रह्मदेवाच्या मूर्ती आपल्याकडे क्वचितच दिसतात. हिच्यावरून मध्ययुगातल्या या गावाच्या ऐपतीचा अंदाज येतो.

तिथून जवळच, कुंपणाच्या आत, विटांचा गोल उंचवटा आहे. हाच सोपाऱ्याचा स्तूप. गावकरी एके काळी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. मूळचे जुनागढचे भगवानलाल मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली शिलालेख वाचायला तयार झालेले. उंचवट्याच्या पोटात त्यांना दगडी करंडक मिळाला. त्यात मधोमध तांब्याची डबी आणि तिच्याभोवती आठ कांस्य बुद्धमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्या आत दगडाची, मग स्फटिकाची, शेवटी सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे अवशेष असावेत, असं भगवानलालांचं मत. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. मूर्ती मात्र नाण्याच्या कितीतरी नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत. म्हणजे स्तूप मधल्या काळात पुन्हा उघडून, नव्याने पूजा करून बंद केलेला होता. या गावात काही शतकं सलग पैसा आणि श्रद्धा नांदत असल्याचा हा पुरावा.

त्याच वर्षी भाटेला तलावाजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याची हकिगत सांगणारा तो लेख. पुढे १९५६मध्ये पश्चिमेच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे असे मोठे लेख त्याच्या राज्यात मोजक्याच ठिकाणी आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सोपाऱ्याची निवड झाली, कारण इथे चार मुलखांतली माणसं येत होती.

स्तूपाच्या आवारात उभं राहिलं की समुद्र दिसत नाही. तो काही किलोमीटर पश्चिमेला, कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर आहे. इथे बंदर कसं असेल, हा प्रश्न आलेल्या प्रत्येकाला पडतो. उत्तर समुद्रात नाही, खाडीत आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची वसईची खाडी आणि दोघींना जोडणारी सोपाऱ्याची खाडी. या पाण्यामुळे आगाशी-वसईचा पट्टा बेटासारखा सुटा झाला होता. उघड्या समुद्रावर गलबतं पावसाळ्यात टिकत नाहीत. वळण घेऊन आत शिरलेली, चिखलाच्या मऊ तळाची, वाऱ्यापासून आडोसा देणारी खाडी हेच कोकण किनाऱ्याचं खरं बंदर. वर्सोवा, मनोरी, गोराईचे कोळी आजही होड्या लावतात त्या खाडीच्या तोंडाशी, आणि आत-बाहेर करतात ती उधाण-भांगाचा हिशेब धरून.

वारा, उधारी आणि जकात

या व्यापाराचं वेळापत्रक वाऱ्याने ठरवलं होतं. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, एडनच्या आखातातून बाहेर पडली की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर शिडं सोडत आणि पावसाचा जोर ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत. परतीचा वारा ईशान्येचा, हिवाळ्यातला. मधले महिने विक्री, खरेदी, डागडुजी आणि वाट पाहणं. स्ट्रॅबो या भूगोलकाराने त्याच्या काळी एकट्या म्यॉस हॉर्मॉस बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानाकडे निघत, असं लिहून ठेवलं आहे.

आणत काय? इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, सोन्याचांदीची नाणी. नेत काय? कापड, हस्तिदंत, अकीक, जटामांसी, गुग्गुळ, लेंडी पिंपळी. ‘पेरिप्लस’ने ही यादी भडोचच्या संदर्भात दिली आहे, सोपारा आणि कल्याण त्याच किनाऱ्यावरचे, त्याच बाजारातले. माल इजिप्तला उतरला की उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईल नदीवर, तिथून पडावांनी अलेक्झांड्रियाला, आणि मग भूमध्य समुद्रातून रोमकडे. व्हिएन्नात जपलेल्या दुसऱ्या शतकाच्या एका पपायरसवर केरळच्या मुझिरिसहून आलेल्या ‘हर्मापोलॉन’ जहाजाच्या मालाचा हिशेब आहे. त्याच कागदावर कर्जाचा करार आहे : माल सावकाराच्या मोहरेखाली अलेक्झांड्रियापर्यंत जायचा आणि तिथे सरकार चौथा हिस्सा जकात घेणार. पंचवीस टक्के जकात भरूनही धंदा परवडत होता. हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही प्लिनीची तक्रार या पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

इकडेही जकातीवरून राजकारण होतं. कल्याणबद्दल ‘पेरिप्लस’ सांगतो, की थोरल्या सारगनसच्या काळी ते रीतसर व्यापारी बंदर झालं. पण सँडनीसच्या ताब्यात गेल्यापासून तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. सारगनस म्हणजे कोणीतरी सातकर्णी आणि या भानगडीमागे सातवाहन विरुद्ध क्षत्रप हे वैर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एका बंदराचा रोजगार बळाने दुसऱ्या बंदराकडे वळवायचा, हा डाव तेव्हापासूनचा. त्या संघर्षाचा निकाल १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला जमिनीतून निघाला : नहपान क्षत्रपाची चांदीची तेरा हजारांवर नाणी, त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला.

डोंगरावरचे देणगीदार

सोपाऱ्यात विटा आणि तलाव उरले. तिथली माणसं भेटतात ती बोरिवलीच्या डोंगरावर. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. रविवारी इथे सहलीला येणारे बहुतेक जण चैत्यगृहातले खांब आणि व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. भिंतींवरच्या ब्राह्मी ओळींकडे थोडेच वळतात. पण बंदराची हिशेबवही आहे ती या ओळींत. कल्याणचा सोनार, सोपाऱ्याचा मणिकार, नाशिकचे, चौलचे लोक. कोणी खोली कोरवून दिली, कोणी पाण्याची पोढी. पावसाचं पाणी कातळातल्या पन्हळींनी टाक्यांत उतरवायची इथली रचना आजही चालते. जोराच्या सरीनंतर गेलात तर प्रत्यक्ष पाहता येते.

दानाची तऱ्हाही व्यापाऱ्याचीच. रक्कम एकदाच ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी भिक्षूंना चीवर मिळेल अशी व्यवस्था करायची, किंवा शेत लावून द्यायचं. कान्हेरीच्या एका लेखात मंगलस्थान गावच्या शेताचा उल्लेख आहे. अभ्यासक ते आजचं मागाठाणे मानतात. मेट्रो सातच्या मागाठाणे स्थानकावर उतरणाऱ्या माणसाचे पाय त्या दानाच्या शिवारात पडतात. व्याजाचा दरसुद्धा आपल्याला कळतो, तो नाशिकच्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एकाने, एक हजार शेकडा पाऊण टक्क्याने. कारागिरांची संघटना ठेवी घेत होती आणि व्याज देत होती. बंदराला लागणारं भांडवल असं देशावर फिरत होतं.

याच उषवदाताच्या दुसऱ्या लेखात सोपारा थेट येतं. भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग (सोपारा) इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. सोपाऱ्याच्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या परिषदांना बत्तीस हजार नारळाची झाडं दिली. यादी नीट पाहिली तर धर्मादायाआडचा व्यापारी मार्ग दिसतो : भडोचहून किनाऱ्याने खाली येणारा माणूस प्रत्येक नदीवर पार होईल आणि सोपाऱ्यात मुक्कामाला उतरेल, याची सोय लावलेली.

तिथून देशावर चढायला घाट. कल्याणकडून जुन्नरला जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि तोंडाशी दगडी रांजण; जकातीची नाणी त्यात पडत, अशी समजूत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले आहेत आणि एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या प्रवचनकार भिक्षूचा. बंदर, खाडी, घाट, विहार, श्रेणी ही एका गाड्याची चाकं होती. धक्क्यावर फक्त माल उतरत होता.

बौद्ध वाङ्मयाला सोपारा चांगलं ठाऊक आहे. ‘दिव्यावदाना’तला पूर्ण हा इथलाच. दासीचा मुलगा, चंदनाच्या एका सौद्यात नशीब उघडलेला. राजाला दाहज्वर झाला तेव्हा गोशीर्ष चंदन त्याच्याकडेच निघालं, अशी कथा. कथा असली तरी तिच्यातला साठेबाजीचा बारकावा बाजारातूनच आलेला आहे. आणि बौद्ध धर्म मालाबरोबर उलट दिशेनेही गेला. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सेरापिसच्या देवळात सात किलोंवर काळी मिरी भरलेलं भारतीय बनावटीचं भांडं सापडलं होतंच. २०२३मध्ये तिथल्याच इसिसच्या देवळातून संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाल्याचं जाहीर झालं. दगड बहुधा इस्तंबूलच्या दक्षिणेचा आणि घडण बहुधा अलेक्झांड्रियातली. आपल्याकडच्या वाण्यांनी भूमध्य प्रदेशाचा दगड निवडून आपला देव घडवून घेतला असेल, तर हा व्यापार एकतर्फी नव्हता.

गाळ

मग हे बंदर गेलं कुठे? एखाद्या राजाने लुटलं, एखाद्या वादळात बुडालं, असं काही झालं नाही. ते गाळाने भरत गेलं. नद्या सह्याद्रीची माती दर पावसाळ्यात खाली आणतात. भरतीचं पाणी तीच माती पुन्हा आत लोटतं. खाडीचा प्रवाह मंदावला की तिवरं रुजतात, तिवरांच्या मुळांत आणखी गाळ धरतो. मग माणूस बांध घालतो, खाजणाची खारी भातशेती होते, मिठागर होतं, शेवटी भराव. यात शतकं जातात.

तोवर व्यापार थांबत नाही. तो शेजारच्या खोल पाण्याकडे सरकतो. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी चौलला येऊन गेला. त्या काळच्या अरब लेखकांना सुबारा (सोपारा), ताना (ठाणं) आणि सैमूर (चौल) ही तिन्ही बंदरं परिचित होती. म्हणजे सोपारा अजून नकाशावर होतं, पण ठाणं पुढे आलं होतं. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ सालचे पहलवी लेख आहेत. इराणी वंशाचे लोक लेणी पाहायला आले आणि नावं कोरून गेले. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो ते वाचून हसू येतं : इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार आहे, लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा. एप्रिल १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन पाद्री मारले गेले. त्यांचे देह त्यांचा सोबती, फ्रेंच पाद्री जॉर्डेनस, याने सोपाऱ्याला नेऊन पुरले. चौदाव्या शतकातही भूमध्य समुद्राकाठचा माणूस सोपाऱ्याला पोचत होता. पण आता यायचं ते ठाण्यामार्गे.

एक्सरच्या दगडावरची गलबतं

बोरिवली पश्चिमेला एक्सर गावठाणात माणसापेक्षा उंच वीरगळ उभे आहेत. भोवती सोसायट्या, दुचाकी, क्लासच्या पाट्या. वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. गुरं पळवणारे, घोडेस्वार, वाघाशी झुंजणारे. एक्सरच्या दगडांचं वेगळेपण हे की त्यांतल्या काहींवर समुद्रातली लढाई आहे. तळाच्या पट्टीत उंच नाळेची, डोलकाठीची गलबतं एका ओळीत, बाजूने वल्ह्यांची रांग. वरच्या पट्टीत दोन्ही आरमारं भिडलेली, माणसं पाण्यात पडलेली. सगळ्यात वर वीर कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून.

लढाई कोणती, यावर मतभेद आहेत. अधिक मानला जाणारा अर्थ असा, की उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची ही लढाई, सुमारे १२६५ची. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहून गेला आहे. देशावरच्या राजाला आरमार घेऊन इथपर्यंत यावंसं वाटलं, कारण ठाण्याची जकात हाती असेल त्याच्याकडे पैसा होता. पुढच्या शतकांत हाच हिशेब इतरांनी केला. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांनी वसई घेतली. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या काळात, १६६१च्या विवाह-तहात, मुंबईची बेटं इंग्रज राजाला मिळाली आणि १६६८मध्ये कंपनीकडे आली.

मुंबईकडे होतं ते खोल पाणी. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला आणि अलेक्झांड्रियाच्या दारातला समुद्र थेट आपल्या किनाऱ्याला जोडला गेला. १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी भगवानलालांनी सोपाऱ्याचा उंचवटा उकरला. नव्या बंदराच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरातल्या माणसाने जुन्या बंदराचा शोध लावला. पुढे मुंबई बंदरही अपुरं पडलं आणि १९८९मध्ये न्हावा-शेवा सुरू झालं.

पुढचं बंदर

३० ऑगस्ट २०२४ला पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, जागा डहाणूच्या किनाऱ्यालगत समुद्रात भराव घालून. कारण तेच जुनं : किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली, अजस्र कंटेनर जहाजांना पुरेल अशी. उषवदाताने जिथे फुकट नाव ठेवली, त्या डहाणूच्या परिसरात बंदर पुन्हा उत्तरेकडे सरकतं आहे. मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. ज्या उथळ पाण्यात मासा वाढतो, तिथेच भराव पडणार. सोपाऱ्याच्या काळात गाळ शतकानुशतकं साचला. आता तेच काम काही वर्षांत होतं, तेव्हा जुळवून घ्यायला कोणालाच सवड मिळत नाही.

सोपाऱ्याच्या खाडीचं काय झालं, हेही पाहून घ्यावं. पाणथळ जमिनीवर, खाजणांवर, तलावांच्या कडांवर वसई-विरारची वस्ती चढत गेली. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि विरारच्या गाड्या थांबल्या. पाण्याला जायची वाट ठाऊक होती, ती आपण बुजवली.

आज या बंदराचा इतिहास विखुरलेला आहे. स्तूप पुरातत्त्व खात्याकडे, अशोकाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीत, देणगीदारांची नावं कान्हेरीत, गलबतं एक्सरच्या गल्लीत. प्रत्येक ठिकाणी त्या त्या वस्तूची माहिती मिळते. या सगळ्यांना जोडणारं पाणी मात्र कुठल्याच फलकावर नाही. उपनगरांना इतिहास नाही, असं म्हणणाऱ्याने ही ठिकाणं एका हिवाळ्यात पाहावीत. सोमवार टाळा, कान्हेरी बंद असते.

स्तूपाला कुंपण आहे, शिलालेखांना काच आहे. सोपाऱ्याला बंदर केलं ते खाडीने, आणि तिला ना कुंपण आहे ना रखवालदार. वसई-विरार महापालिकेच्या पुढच्या विकास आराखड्यात उरलेली खाडी, तिवरं आणि जुने तलाव वारसा म्हणून नोंदवले जावेत, अशी मागणी तिथल्या रहिवाशांनी आणि आपण सर्वांनी केली पाहिजे. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा एक अर्ज लिहायला अर्धा तास लागतो.